ग्वांगजूचं बिएनाले: एका शहराचं दुःख आणि कोरियाची आजची कला

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात, झाडीतल्या एका उतारावर जुने कपडे पसरून ठेवले होते. थोडेथोडके नाहीत, अडीच टन. कुणाकुणाच्या अंगावरून उतरलेले, धुऊन धुऊन विटलेले कपडे आणि मध्ये मध्ये रंगीत कापडात बांधलेली गाठोडी. बघायला आलेली माणसं त्या कपड्यांवर पाय देत पुढे जात होती. हे काम किमसूजा या कोरियन कलाकार बाईंचं. ग्वांगजूमध्ये मारल्या गेलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं.

या शहराबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला तिथे कपड्यांचा ढीग दिसेल. पण पंधराच वर्षांपूर्वी याच शहरातल्या रस्त्यांवर माणसं मरून पडली होती, हे कळलं की त्या रिकाम्या बाह्यांकडे बघवत नाही. आपण त्यांच्यावरून चाललोय हे ध्यानात येतं आणि पाऊल अडखळतं. कोरियात घर बदलताना, लढाईत गाव सोडून पळताना माणसांनी जे काही सोबत घेतलं ते अशाच गाठोड्यांत बांधून. त्यामुळे तिथल्या माणसाला त्या गाठोड्यांमध्ये आपली आजीही दिसते आणि १९५० चं कोरियन युद्धही.

समकालीन कला, म्हणजे आपल्याच काळातल्या कलाकारांनी कापडापासून व्हिडिओपर्यंत मिळेल त्या माध्यमातून केलेली कला, डोक्यावरून जाते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. पण बऱ्याचदा अडचण एवढीच असते की मागची हकिकत आपल्याला कुणी सांगितलेली नसते. दर दोन वर्षांनी भरणारं ग्वांगजू बिएनाले हा आशियातला सगळ्यात मानाचा कला महोत्सव समजला जातो. जगभरचे कलाकार तिथे येतात. तरी माझं ठाम मत असं आहे की तो सगळ्यात चांगला उलगडतो तो कोरियन कलाकारांच्या कामातून, आणि त्यांचं काम उलगडतं या शहरातून. म्हणून आधी शहराबद्दल.

मे १९८०

ग्वांगजू हे कोरियाच्या नैर्ऋत्य भागातलं, जोल्ला प्रांतातलं सुमारे १४ लाख वस्तीचं शहर. भोवती भातशेती, चवीचं जेवण, गाण्याची परंपरा. पण कारखाने, रस्ते, सरकारी नोकऱ्या यांत हा भाग कायम मागे ठेवला गेला. लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत विकासाचा ओघ पूर्वेकडे, त्यांच्या स्वतःच्या मुलखाकडे वळला. जोल्लाच्या लोकांच्या मनात ही सल जुनी आहे.

ऑक्टोबर १९७९ मध्ये पार्क यांची हत्या झाली. आता लोकशाही येईल अशी आशा पालवली, तोच डिसेंबरमध्ये जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करावर कब्जा मिळवला. १७ मे १९८० ला त्यांनी देशभर लष्करी कायदा लागू केला आणि जोल्लाचे लाडके विरोधी नेते किम दे-जुंग यांना अटक केली. दुसऱ्या दिवशी ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठाच्या फाटकाशी विद्यार्थी जमले. त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. त्या सैनिकांनी विद्यार्थी आणि वाटसरू असा भेदच केला नाही. लाठ्या, संगिनी, जो सापडेल तो. ते बघून शहर पेटलं. टॅक्सीवाल्यांनी आणि बसवाल्यांनी दिवे लावून मोर्चा काढला. २१ तारखेला प्रांतिक कचेरीसमोरच्या गर्दीवर सैन्याने गोळ्या झाडल्या. तेव्हा लोकांनी पोलीस ठाण्यांतली शस्त्रं उचलली आणि सैन्याला शहराबाहेर हटावं लागलं.

पुढचे पाच-सहा दिवस हे शहर लोकांनी स्वतः चालवलं. दवाखान्यांसमोर रक्त द्यायला रांगा लागल्या. बाजारातल्या बायकांनी भाताचे मुटके वळून मुलांना वाटले. २७ मेच्या पहाटे रणगाडे परत आले. प्रांतिक कचेरीत शेवटपर्यंत थांबलेल्यांपैकी बरेच जण तिथेच मारले गेले. अधिकृत आकड्यांनुसार दीडशेहून जास्त नागरिक ठार झाले, शिवाय बेपत्ता झालेले वेगळे. त्यांच्या नातेवाइकांना आजही सगळी उत्तरं मिळालेली नाहीत.

त्यानंतर कित्येक वर्षं सरकारने याला दंगल म्हटलं, कम्युनिस्टांचा कट म्हटलं. वर्तमानपत्रं गप्प होती. होंग सोंग-दाम हे ग्वांगजूचे चित्रकार त्या दिवसांत स्वतः रस्त्यावर होते. त्यांनी मे महिन्यातल्या प्रसंगांचे लाकडी ठसे कोरले. लाकडी ठसा खिशात मावतो, शाई लावली की कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात आणि पोलीस यायच्या आत त्या वाटून होतात. कोरियात ऐंशीच्या दशकात लोकांच्या लढ्याची चित्रकला वाढली ती अशी, ठशांतून, कापडी फलकांतून, मोर्च्यात डोक्यावर धरलेल्या भल्यामोठ्या चित्रांतून. तिला मिनजुंग कला म्हणतात. मिनजुंग म्हणजे रयत, सामान्य जन.

सरकारने महोत्सव का दिला

१९८७ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर कोरियात राष्ट्राध्यक्षपदाच्या थेट निवडणुका आल्या. नव्वदच्या दशकात नागरी सरकार आलं आणि ग्वांगजूचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. १९९५ हे जपानी राजवटीतून सुटका झाल्याचं पन्नासावं वर्ष होतं. सरकारने ते 'कलेचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कोरियाला स्वतःचं कायमचं दालन मिळालं. व्हिडिओ कलेचे जनक मानले जाणारे नाम जून पैक यांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. जगाशी जोडून घेण्याची देशाला घाई झाली होती. त्या लाटेत ग्वांगजूला आशियातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय बिएनाले मिळालं. पैक यांनी त्यातला तंत्रज्ञान आणि कलेचा विभाग सांभाळला. दोन महिन्यांत १६ लाखांहून जास्त लोक येऊन गेले. एवढी गर्दी अशा प्रदर्शनांना जगात क्वचितच होते.

पण शहरातल्या अनेक कलाकारांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गोळ्या घालण्याचा हुकूम देणारे अजून मोकळे आहेत, आणि तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसता? पहिलं बिएनाले सुरू झालं तेव्हा चुन दू-ह्वान यांना खरोखरच अटक झालेली नव्हती, ती झाली डिसेंबरमध्ये. मग या कलाकारांनी त्याच वेळी आपला वेगळा महोत्सव भरवला, तोही मांगवोल-दोंगच्या दफनभूमीत, जिथे मे महिन्यात मेलेल्यांना पुरलं होतं. कोरियन अंत्ययात्रेत काठीला बांधून नेतात तसले लांब फलक, शेकडो, दफनभूमीच्या वाटेवर दुतर्फा फडकत होते.

म्हणजे पहिल्याच वर्षी या शहरात दोन प्रदर्शनं होती. एक सरकारी पैशाचं, जगाला बोलावणारं, आणि दुसरं मढ्यांच्या उशाशी बसलेलं. किमसूजांचे कपडे पहिल्यात होते, पण बोलत होते दुसऱ्याबद्दल. ही ओढाताण पुढे प्रत्येक बिएनालेत वेगवेगळ्या रूपात दिसते. ती संपली असती तर मला वाटतं हा महोत्सव केव्हाच निव्वळ पर्यटनाचा कार्यक्रम होऊन बसला असता.

हे चालतं कसं

बिएनाले म्हणजे दोन वर्षांतून एकदा भरणारं प्रदर्शन. व्हेनिसचं सगळ्यात जुनं, १८९५ पासूनचं. कला मेळा वेगळा, आणि बिएनाले वेगळं. सोलमध्ये दर सप्टेंबरला किआफ भरतो आणि २०२२ पासून त्याच्याच जोडीला लंडनहून आलेला फ्रीझ. तिथे गॅलऱ्या गाळे घेतात, चित्रं विकतात. बिएनालेत भिंतीवर किंमत नसते. पैसा महापालिका, केंद्र सरकार, प्रायोजक आणि तिकिटं यांतून येतो आणि ग्वांगजू बिएनाले प्रतिष्ठान तो खर्च करतं.

दर वेळी प्रतिष्ठान एक कला संचालक नेमतं, कधी दोघांना, कधी जास्त जणांना. संचालक एक सूत्र ठरवतो आणि त्याभोवती कलाकार निवडतो. काही कामं तयार असतात ती मागवली जातात, पण खरी गंमत नव्याने करून घेतलेल्या कामांत असते. कलाकार आधी शहरात येऊन राहतात, लोकांना भेटतात, जुनी कागदपत्रं चाळतात आणि तिथल्यासाठीच काहीतरी घडवतात. ते काम दुसरीकडे नेलं तर अर्धं मरतं.

मुख्य प्रदर्शन जुंगवे पार्कमधल्या बिएनाले हॉलमध्ये असतं. पाच प्रशस्त दालनं, एकातून दुसऱ्यात जायचं. बाकीचं शहरभर पसरलेलं असतं. २०१८ पासून परदेशी संस्थांना बोलावून त्यांची स्वतंत्र दालनं शहरात ठिकठिकाणी मांडायला सुरुवात झाली. तेव्हा ती तीन होती, २०२३ मध्ये नऊ आणि २०२४ मध्ये ३१. हा वेग मला फारसा पटत नाही. एवढी दालनं असली की माणूस ठिकाणं मोजत पळतो, बघत नाही.

दोन घराणी, एक भांडण

कोरियन कलाकारांची कामं बघताना एक जुना वाद माहीत असणं फार उपयोगी पडतं.

सत्तरच्या दशकात कोरियात एकरंगी चित्रांची एक धारा उभी राहिली. तिला दान्सेकह्वा म्हणतात. पार्क सो-बो, हा चोंग-ह्यून, चुंग सांग-ह्वा, युन ह्यंग-गुन ही त्यातली ठळक नावं. पार्क सो-बो ओल्या रंगावर पेन्सिलीने एकसारख्या रेघा ओढत राहत, जप करावा तशा. हा चोंग-ह्यून गोणपाटाच्या मागून रंग दाबून पुढे काढत. आज जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत कोरियन चित्रकला म्हणून सगळ्यात आधी हीच चित्रं दिसतात. दुसरी धारा वर सांगितलेल्या मिनजुंगची. तिचं पहिल्या धारेबद्दलचं म्हणणं कडवट होतं: बाहेर लोक मार खात होते तेव्हा तुम्ही पांढऱ्यावर पांढरं रंगवत मूग गिळून बसलात.

२०२३ मध्ये हा वाद पुन्हा उफाळला. पार्क सो-बो यांनी दिलेल्या १० लाख डॉलरच्या देणगीतून बिएनालेने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला, रक्कम एक लाख डॉलर. ग्वांगजूच्या कलाकारांनी उद्घाटनातच निषेध केला. लष्करी राजवटीत जे बोलले नाहीत त्यांचं नाव या शहराच्या पुरस्काराला नको, असं ते म्हणत होते. महिन्याभरात पुरस्कार रद्द झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पार्क सो-बो वारले. कर्करोगाशी झगडत असलेल्या नव्वदी ओलांडलेल्या माणसाला हे पाहावं लागलं याचं वाईट वाटतं. पण ग्वांगजूच्या लोकांच्या जागी उभं राहिलं तर त्यांचा हट्टही कळतो. या शहरात नाव कुणाचं द्यायचं हा प्रश्न साधा राहूच शकत नाही.

या गदारोळात, एकदाच दिला गेलेला तो पुरस्कार ज्यांना मिळाला त्या ओम जोंग-सून यांच्या कामाकडे मात्र हवं तितकं लक्ष गेलं नाही. त्या बरीच वर्षं अंध आणि अंधुक दिसणाऱ्या मुलांसोबत काम करतात. मुलांना हत्तीजवळ नेतात, हात लावू देतात आणि मग हातांना जे कळलं ते मातीत घडवायला सांगतात. कुणाच्या हाताला पाय लागला, कुणाला पोट, कुणाला कानाची कड. त्यातून निघालेले हत्ती ओम यांनी मोठ्या आकारात उभे केले. त्यांना सोंड नाही. कुठे पाठच भिंतीसारखी, कुठे नुसते पायांचे खांब. अंगावर लोकरी कापड. प्रदर्शनात सगळीकडे 'हात लावू नका' लिहिलेलं असतं, इथे हात लावायला मुभा होती.

या हत्तींमागे कोरियाच्या दरबारी बखरींतली एक नोंद आहे. १४११ साली जपानहून राजाला एक हत्ती भेट आला. कोरियात कुणी हत्ती पाहिलेला नव्हता. एका अधिकाऱ्याने त्याच्या कुरूपपणाची टर उडवली आणि हत्तीने त्याला तुडवून मारलं. मग त्या जनावरावर खटला चालवावा तसा विचार होऊन त्याला दक्षिणेच्या एका बेटावर हद्दपार केलं. तिथे तो नीट खाईना, माणसं दिसली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, असं बखरीत लिहिलंय. ते बेट याच जोल्लाच्या किनाऱ्याला होतं. परक्या मुलखात आलेलं, कुणाला न समजलेलं एक जनावर आणि त्याला बोटांनी समजून घेणारी मुलं, एवढ्यावर ओम यांचं काम उभं आहे. त्यात कुठेही १९८० चा उल्लेख नाही. तरी ते ग्वांगजूत बघताना सगळ्यांच्या मनात तो विषय येतोच.

आणि दान्सेकह्वाला सरसकट गप्प म्हणणंही बरोबर नाही. युन ह्यंग-गुन यांचं उदाहरण घ्या. १९५० मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने डावे असल्याच्या संशयावरून हजारो नागरिकांना पकडून गोळ्या घातल्या. युन त्यातून थोडक्यात वाचले. पुढे तुरुंगही पाहिला. त्यांची चित्रं म्हणजे कच्च्या कापडावर निळा आणि मातकट तपकिरी मिसळून काढलेले काळपट उभे पट्टे, दाराच्या चौकटीसारखे ताठ. ग्वांगजूची बातमी कळल्यावर १९८० च्या जूनमध्ये त्यांनी जे चित्र काढलं त्यात ते पट्टे तिरपे होऊन कोसळताना दिसतात. रंग ओघळलेला आहे. कुठलीही घोषणा नाही. हे चित्र मोर्च्यात कुणी डोक्यावर धरलं नसतं. पण त्याला मूग गिळणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२०१४: एक काम आलं, एक अडवलं

युन ज्यातून वाचले त्या १९५० च्या कत्तलीत मेलेल्यांची हाडं कित्येक वर्षं जमिनीत, जुन्या खाणींत पडून होती. काही बाहेर काढली गेली, पण ठेवायला जागा नाही म्हणून मालवाहू कंटेनरमध्ये भरून ठेवलेली. २०१४ च्या बिएनालेत लिम मिनुक या कलाकार बाईंनी जिंजू आणि ग्योंगसान इथले असे दोन कंटेनर ग्वांगजूला आणले आणि बिएनाले हॉलसमोरच्या मोकळ्या पटांगणात ठेवले. मेलेल्यांची मुलं, आता म्हातारी झालेली, बसने आली. वरून हेलिकॉप्टरमधून चित्रण सुरू होतं. बस थांबली तेव्हा त्यांना घ्यायला पुढे आल्या त्या ग्वांगजूच्या आया, १९८० मध्ये ज्यांची पोरं गेली त्या. दोन वेगळ्या दशकांत सरकारी गोळ्यांनी घर उद्ध्वस्त झालेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली.

याला कला का म्हणायचं, असा प्रश्न कुणी विचारेल. माझं उत्तर असं की सरकारने, न्यायालयांनी, वर्तमानपत्रांनी साठ वर्षांत ज्यांची गाठ घालून दिली नव्हती त्यांची गाठ एका कलाकाराने घालून दिली. त्या हाडांना रस्त्यावरून, लोकांच्या डोळ्यांदेखत नेलं. हे करायला निमित्त लागतं, परवानग्या लागतात, लोक जमावे लागतात. बिएनालेने ते सगळं पुरवलं. संग्रहालयाच्या चार भिंतींत हे जमलं नसतं.

पण त्याच वर्षी, त्याच संस्थेत दुसरं काम अडवलं गेलं. लाकडी ठसे कोरणाऱ्या होंग सोंग-दाम यांनी बिएनालेच्या विसाव्या वर्षानिमित्तच्या खास प्रदर्शनासाठी साडेदहा मीटर लांबीचं चित्र काढलं. एप्रिल २०१४ मध्ये सेवोल ही बोट बुडून ३०४ जण गेले होते, त्यात शाळेच्या सहलीला निघालेली मुलंच जास्त. होंग यांच्या चित्रात १९८० चा नागरी सैनिक आणि भाताचे मुटके वाटणारी बाई मिळून ती बोट पाण्यातून वर उचलतात. त्यात मात्र एक बुजगावणंही आहे, तत्कालीन राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्या चेहऱ्याचं, आणि त्याच्या दोऱ्या त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे पार्क चुंग-ही यांच्या हातात. शहर प्रशासनाने बदल करायला सांगितलं. होंग यांनी बुजगावण्याच्या जागी कोंबडी रंगवली. तरी चित्र लागलं नाही. प्रदर्शनाचे प्रमुख राजीनामा देऊन निघून गेले, प्रतिष्ठानचे अध्यक्षही गेले, अनेक कलाकारांनी आपली कामं उतरवली. वरून, केंद्र सरकारच्या मंत्रालयातून फोन आला होता हे पुढे उघड झालं. २०१७ मध्ये पार्क ग्युन-हे यांना पदावरून हटवलं गेलं आणि त्याच महिन्यात ते चित्र ग्वांगजूच्या कला संग्रहालयात लागलं.

सरकारी पैशावर चालणाऱ्या महोत्सवाची मर्यादा याहून स्पष्ट सांगता येणार नाही. १९५० ची हाडं चालतात, आजच्या सत्तेवरचं बुजगावणं चालत नाही.

शहर कसं वापरलं जातं

२००५ मध्ये प्रांतिक कचेरी दुसऱ्या गावी हलली आणि जुन्या ग्वांगजूचा मध्य ओस पडला. दे-इन बाजारात गाळ्यांना कुलपं लागली. २००८ च्या बिएनालेत कलाकारांना या बंद गाळ्यांत बसवलं. शटरवर चित्रं आली, मासळीवाल्याच्या शेजारी स्टुडिओ आला, आणि पुढे रात्रीचा बाजार भरू लागला. हे बिएनाले महाराष्ट्राशीही जोडलेलं आहे: नायजेरियात जन्मलेले संचालक ओक्वुई एन्वेझोर यांच्यासोबत क्युरेटर म्हणून काम करणाऱ्या दोघांपैकी एक होते मुंबईचे कवी आणि कला समीक्षक रणजित होस्कोटे, दुसऱ्या ह्युनजिन किम. २०१२ मध्ये सहा आशियाई स्त्रियांनी मिळून बिएनाले घडवलं, त्यांतही मुंबईच्या नॅन्सी अदजानिया होत्या. आणि किमसूजा? त्यांनी २००७-०८ मध्ये मुंबईत येऊन धोबीघाट, वस्त्या आणि लोकल गाड्या टिपणारं व्हिडिओ काम केलं. कपडे आणि माणसं हा त्यांचा विषय; मुंबईत तो त्यांना दोरीवर वाळत घातलेला सापडला.

२०१८ पासून बिएनालेने १९८० च्या खुणा असलेल्या इमारती उघडल्या. त्यांतलं सगळ्यात अंगावर येणारं ठिकाण म्हणजे जुनं लष्करी रुग्णालय. चौकशीत मार खाऊन अर्धमेल्या झालेल्या नागरिकांना इथे आणत. नंतर ते बंद पडलं, झुडपं वाढली. ब्रिटिश कलाकार माइक नेल्सन यांनी त्या इमारतीतले आरसे काढून शेजारच्या छोट्या चर्चमध्ये लोंबते टांगले. एके काळी त्या आरशांनी काय पाहिलं असेल, हा विचार बघणाऱ्यावर सोडून दिला.

ग्युमनाम-रो या मुख्य रस्त्यावरच्या जोनिल इमारतीत २४५ गोळ्यांच्या खुणा सापडल्या, म्हणून २०२० मध्ये ती 'जोनिल इमारत २४५' या नावाने खुली झाली. वरच्या मजल्यावरच्या खुणा बघताना लक्षात येतं की त्यांचा कोन वरून खाली आहे. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झालाच नाही, असं चुन दू-ह्वान यांच्या बाजूचे लोक सांगत राहिले, त्याला ही भिंत उत्तर देते. समोरच आशिया कल्चर सेंटर आहे, २०१५ चं. वास्तुविशारद वू क्यू-संग यांनी हे प्रचंड केंद्र बहुतेक जमिनीखाली नेलं, जुनी प्रांतिक कचेरी झाकली जाऊ नये म्हणून. तरी बांधकामात कचेरीच्या मूळ खुणा पुसल्या गेल्या असं म्हणत मे १९८० मध्ये पोरं गमावलेल्या आयांनी तिथे दीर्घकाळ धरणं धरलं.

रस्त्यांवर छोट्या छोट्या रचनाही विखुरलेल्या आहेत, त्यांना 'फॉली' म्हणतात. २०११ पासून त्या बांधल्या जातायत. कोरियन कलाकार दो हो सुह यांनी एका ट्रकवर हॉटेलची एकच खोली बांधली, जी दोन घरांच्या मधल्या बोळात जाऊन उभी राहते. डच वास्तुविशारद रेम कूलहास आणि जर्मन लेखक इंगो नीरमान यांनी एका गल्लीत तीन वाटा केल्या, हो, नाही आणि कदाचित. जाणारा ज्या वाटेने जाईल ते त्याचं मत, मोजणी यंत्र करतं. मतदानासाठी रक्त सांडलेल्या शहरात कॉलेजची पोरं रोज हसत त्यातून ये-जा करतात.

२०२४ च्या पंधराव्या बिएनालेने सूत्र घेतलं पान्सोरीचं. पान्सोरी हा जोल्लाच्या मातीतला गायनप्रकार. एक गाणारा, एक ढोल वाजवणारा, आणि तासन्‌तास चालणारी एकच कथा. मधूनच गद्य, मधूनच श्रोत्यांची दाद. कीर्तन ऐकलेल्या मराठी माणसाला ती बैठक परकी वाटणार नाही. फ्रेंच संचालक निकोला बूरियो यांनी ३० देशांतले ७२ कलाकार घेऊन आवाज आणि जागा या विषयावर प्रदर्शन रचलं. जुन्या मिशनरी बंगल्यांच्या यांगनिम वस्तीत कामं मांडली, तो भाग सुरेख जमला होता. पण मुख्य हॉलमध्ये पान्सोरी नावालाच उरली, अशी टीका झाली आणि ती मला योग्य वाटते. स्थानिक परंपरेचं नाव घ्यायचं आणि बोलायचं जागतिक हवामानाबद्दल, यात गाणारी माणसं बाजूला पडतात.

जायचं असेल तर

पुढचं, सोळावं बिएनाले २०२६ चं. त्यासाठी सिंगापूरचे कलाकार हो त्झू न्येन यांची संचालक म्हणून निवड झाली आहे. सोलच्या योंगसान स्थानकावरून वेगवान रेल्वेने ग्वांगजू-सोंगजोंग साधारण दोन तासांत येतं. बहुतेक पाहुणे तिथून थेट बिएनाले हॉल गाठतात. मी उलटं सुचवेन. पहिला अर्धा दिवस ग्युमनाम-रोला द्या: जोनिल इमारतीचा वरचा मजला, मग समोरचा चौक आणि जुनी कचेरी. जमलं तर शहराबाहेरची दफनभूमी. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल. पाचही दालनं एका दमात बघायचा हट्ट नको. प्रत्येक दालनात एक काम निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा. कोरियन कलाकाराचं असेल तर त्याचा किंवा तिचा जन्म कुठला आणि कधीचा ते पाटीवर आधी वाचा. १९६० च्या आसपास जन्मलेल्यांचं तारुण्य मे १९८० ने व्यापलंय, नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांनी तो महिना शाळेच्या पुस्तकात वाचलाय, आणि त्यांच्या कामांत तो फरक दिसतो.

दालनांमध्ये माहिती सांगणारे असतात, त्यांना विचारायला लाजू नका. वयस्क कुणी भेटलं तर कामाबद्दल विचारण्याआधी शहराबद्दल विचारा.